कर्करोगाच्या विषाणूचे शोधक : डॉ. लुडविक ग्रॉस

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या घरी पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. हा रोग लागत तर नाही ना? आजाऱ्याचे ताट-पेला वेगळे ठेवावे काय, लहान मुलांना त्याच्या अंथरुणापाशी जाऊ द्यावे काय, असे विचार शिकल्यासवरल्या घरांतही मनात येतात. या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला एका दिवसात सापडलेले नाही. ते शोधण्यात अनेकांनी आयुष्ये वेचली. त्यांपैकी एकाचा परिचय आपल्या विद्यार्थी वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

त्यांचे नाव डॉ. लुडविक ग्रॉस. उंदरांना होणारा रक्ताचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, हे त्यांनी १९५१ साली दाखवून दिले. तो विषाणू ज्या कुळातला होता त्या कुळाला पुढे रेट्रोव्हायरस हे नाव मिळाले. याच कुळातील विषाणू उंदरांच्या मज्जारज्जूवर घाला घालून त्यांचे पाय लुळे करतात, हेही कालांतराने दिसून आले; आणि माणसाला होणारा एड्स हा याच कुळाचा प्रताप ठरला. एवढ्या मोठ्या विषयाचे दार ज्या प्रयोगाने उघडले, तो प्रयोग मात्र अगदी साध्या साधनांनी, कोणाचे फारसे पाठबळ नसताना झालेला होता.

जन्म आणि शिक्षण

लुडविक ग्रॉस यांचा जन्म ११ सप्टेंबर १९०४ रोजी क्राकूव्ह या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. क्राकूव्ह आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. तेथील यागिएलोनियन विद्यापीठ १३६४ साली स्थापन झालेले, म्हणजे युरोपातील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक. कोपर्निकस याच विद्यापीठाचा विद्यार्थी. ग्रॉस यांनी येथूनच वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२९ साली ते डॉक्टर झाले.

रुग्णालयात काम करीत असताना कर्करोगाचे रोगी त्यांच्या पाहण्यात येऊ लागले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांपलीकडे त्या काळी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. रोगाचे कारणच ठाऊक नाही, तर त्याला आळा कसा घालणार, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. १९३२ साली ते पॅरिसला गेले आणि तेथील प्रख्यात पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करू लागले. ज्या संस्थेत जंतू आणि लसी यांखेरीज दुसरी भाषा नव्हती, तेथे राहून कर्करोगाकडेही जंतुजन्य रोगाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना लागली असल्यास नवल नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. पोलंडमधील ज्यू समाजावर कोसळलेला प्रलय सर्वांना माहीत आहे. ग्रॉस त्यातून निसटले आणि १९४० साली अमेरिकेस पोहोचले. वय छत्तीस, देश परका, घरदार मागे राहिलेले. सोबत उरले होते ते शिक्षण, आणि डोक्यात घेतलेला तो एक प्रश्न.

त्या काळची समजूत

ग्रॉस यांच्या धाडसाची किंमत कळण्यासाठी त्या वेळची शास्त्रीय समजूत ध्यानात घेतली पाहिजे. विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो, ही कल्पना नवी नव्हती. १९०८ साली कोपनहेगन येथे एलरमान आणि बांग या दोघांनी कोंबड्यांमधील रक्ताचा कर्करोग एका कोंबडीतून दुसरीत नेऊन दाखविला होता. १९११ साली न्यूयॉर्क येथे पेटन राउस यांनी कोंबडीच्या मांसातील गाठ वाटली, तिचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी उरू नये, आणि तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचून तिच्यातही तशीच गाठ निर्माण केली. परंतु कोंबडी म्हणजे पक्षी. पक्ष्यांचे नियम सस्तन प्राण्यांना लागू नाहीत, असे म्हणून बहुतेकांनी हा विषय बाजूला सारला. राउस यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

दुसरा धागा उंदरांचा. प्रयोगशाळांमध्ये सख्ख्या भावंडांचा पिढ्यानपिढ्या संकर करून उंदरांचे शुद्ध वाण तयार केलेले असतात. त्यांपैकी काही वाणांत विशिष्ट कर्करोग हमखास होतो, तर काहींत तो क्वचितच आढळतो. न्यूयॉर्कमधील संशोधक जेकब फर्थ यांनी जोपासलेल्या एके या वाणातील बहुसंख्य उंदीर वर्षाच्या आतबाहेर रक्ताच्या कर्करोगाने मरत. उलट सी-३-एच या वाणात हा रोग दुर्मीळ होता. रोग वंशात आहे तेव्हा तो आनुवंशिक आहे, आणि आनुवंशिक आहे तेव्हा तेथे विषाणूचा संबंध नाही, असा सरळ हिशेब शास्त्रज्ञ मांडीत.

या हिशेबाला पहिला धक्का जॉन बिटनर यांनी १९३६ साली दिला. मादी उंदरांना होणारा स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, असे त्यांनी दाखविले. रोगट वाणाची पिल्ले जन्मतःच आईपासून तोडून निरोगी वाणाच्या मादीला पाजावयास दिली, तर मोठेपणी त्यांच्यातील कर्करोग पुष्कळच कमी होई. दुधातील हा घटक विषाणू आहे हे नंतर सिद्ध झाले; तोही रेट्रोव्हायरसच होता. जे वंशातून आल्यासारखे दिसते ते प्रत्यक्षात संसर्गाने आलेले असू शकते, हा त्यातला बोध ग्रॉस यांनी अचूक उचलला.

मोटारीच्या डिकीतील प्रयोगशाळा

अमेरिकेत आल्यावर ग्रॉस यांनी काही काळ सिनसिनाटी येथील ख्राइस्ट हॉस्पिटलमध्ये काम केले. १९४३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आजही आठवला जातो. उंदराच्या कातडीत गाठीच्या पेशी थोड्या प्रमाणात टोचल्या असता त्या गाठीविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती येते, असे त्यांना दिसले. शरीर कर्करोगाशी झुंजू शकते, या विचाराची ती एक सुरुवात होती.

त्याच वर्षी ते अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. सैनिकी डॉक्टरला एका जागी राहावयास मिळत नाही. पण उंदरांची संगत त्यांनी सोडली नाही. कॉफीच्या डब्यांत घालून, मोटारीच्या डिकीत ठेवून ते आपले उंदीर या ठाण्यावरून त्या ठाण्यावर नेत असत. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. युद्ध संपल्यावर ते तेथेच राहिले आणि १९४६ पासून तेथील कर्करोग संशोधन विभागाचे प्रमुख झाले. विभाग हा शब्द ऐकून कोणी मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. आरंभी तो म्हणजे एक डॉक्टर, काही पिंजरे आणि अगदी मोजकी साधने एवढाच होता.

फर्थ यांनी त्यांना एके वाणाचे उंदीर दिले. सी-३-एच वाण त्यांच्याकडे बिटनर यांच्याकडून आलेला होता. बेत सोपा होता. एके वाणाचा आजारी उंदीर घ्यावयाचा, त्याची प्लीहा, यकृत आणि रोगट गाठी खलात घोटावयाच्या, तो अर्क वेगाने फिरवून त्यातील पेशी खाली बसवावयाच्या, आणि वरची निवळ सी-३-एच उंदरांना टोचावयाची. निवळीत पेशी नसल्यामुळे रोग झालाच तर तो त्याहून सूक्ष्म अशा कशाने तरी झाला, हे उघड होईल.

रोग झाला नाही. पुन्हा टोचले, प्रमाण बदलले, वाट पाहिली. उंदीर खात-पीत राहिले आणि म्हातारे होऊन मेले. अशी काही वर्षे गेली. दुसरा कोणी असता तर कल्पनाच चुकली म्हणून त्याने काम गुंडाळले असते.

जन्मल्यानंतरचे पहिले तास

१९४९ च्या सुमारास ग्रॉस एका व्याख्यानाला गेले. वक्ते होते गिल्बर्ट डॉलडॉर्फ. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी या गावच्या, हातपाय लुळे पडलेल्या मुलांच्या विष्ठेतून एक नवा विषाणू वेगळा केला होता. मोठ्या उंदरांवर त्या विषाणूचा काहीच परिणाम होत नसे. मात्र नुकत्याच जन्मलेल्या पिलांना टोचल्यास ती लुळी पडत. विषाणू तोच, जात तीच. फरक फक्त वयाचा.

ग्रॉस यांना आपल्या अपयशाचे कारण उमगले. कदाचित त्यांचा अर्क बरोबर होता आणि उंदीर चुकीचे होते. मोठ्या उंदराचे शरीर परक्या विषाणूला ओळखते आणि त्याला हाकलून देते. जन्मून एक दिवसही न झालेल्या पिलाला आपले कोण आणि परके कोण हे अजून कळत नसते.

त्यांनी तोच अर्क सी-३-एच वाणाच्या नवजात पिलांना टोचला. ही पिल्ले जेमतेम बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, केस नसलेली, डोळे मिटलेली असतात. त्यांना इजा न करता सुई टोचणे हे हाताचे कसब आहे. नंतर त्यांना आईजवळ सोडावयाचे आणि महिनेच्या महिने थांबावयाचे. या वेळी थांबण्याचे फळ मिळाले. ज्या वाणाला हा रोग जवळजवळ माहीत नव्हता, त्या वाणाच्या मोठ्या झालेल्या उंदरांत रक्ताचा कर्करोग दिसू लागला. इतकेच नव्हे, तर एके वाणाच्या जन्मापूर्वीच्या गर्भांचा अर्क टोचला तरीही तोच रोग झाला. म्हणजे रोगाचे बीज गर्भातच होते. आईबापांकडून ते पिलांत उतरे, महिनोन्‌महिने मुकाट्याने दबा धरून बसे आणि उतारवयात डोके वर काढी.

हे सर्व १९५१ साली प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यातील रक्ताचा कर्करोग पेशीविरहित अर्काने दुसऱ्या प्राण्यात निर्माण केल्याचा तो पहिला भक्कम पुरावा होता.

अविश्वासाची वर्षे

शास्त्रीय जगताने हा शोध डोक्यावर घेतला नाही. अनेक प्रयोगशाळांनी तो करून पाहिला आणि त्यांना यश आले नाही. निष्कर्ष असा काढला गेला की चूक ग्रॉस यांचीच असावी. प्रत्यक्षात चूक तपशिलात होती. कोणी पिल्ले काही दिवसांची होईपर्यंत थांबले, कोणी सी-३-एच वाणाची दुसरीच शाखा वापरली. वाणाची शाखा बदलली की निकाल बदलतो, हे तेव्हा नीट कळलेले नव्हते.

याच काळात ग्रॉस यांना आणखी एक कोडे पडले. टोचलेल्या काही पिलांना रक्ताचा कर्करोग न होता कानाजवळच्या लाळग्रंथीत गाठी येऊ लागल्या. प्रतिकूल निकाल म्हणून तो दडपून टाकणे सोपे होते. त्यांनी अर्क अधिक बारीक गाळण्यांतून गाळला, तापवून पाहिला आणि दाखविले की त्यात दोन वेगळे घटक आहेत. गाठी आणणारा घटक आकाराने लहान आणि उष्णतेला अधिक दाद न देणारा होता. १९५३ साली त्यांनी हे जाहीर केले. सारा स्टुअर्ट आणि बर्नीस एडी या दोन संशोधिकांनी पुढे त्या घटकावर मोठे काम केले आणि त्याला पॉलिओमा हे नाव मिळाले. तो रेट्रोव्हायरसच्या कुळातला नव्हे. पण एका अर्कात दोन विषाणू निघावेत, यावरून त्या छोट्याशा प्रयोगशाळेतील निरीक्षण किती काटेकोर होते ते दिसते.

१९५६ साली खुद्द फर्थ यांनी ग्रॉस यांचा प्रयोग, त्यांच्याच अटी पाळून, करून पाहिला आणि तो खरा असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी शार्लट फ्रेंड या तरुण संशोधिकेने उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाचा आणखी एक विषाणू जाहीर केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूंचे गोल कणही दिसू लागले. १९६० साली जॉन मोलोनी यांनी तिसरा विषाणू शोधला. वाद तेथे संपला. ग्रॉस यांनीही आपला विषाणू एका पिलातून दुसऱ्यात असा सतत नेऊन अधिक जहाल केला होता. आता रोग होण्यास पूर्वीइतके महिने लागत नसत, टोचलेली बहुतेक पिल्ले आजारी पडत आणि उंदीरच काय, मोठ्या जातीच्या घुशीसारख्या प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्यालाही तो रोग होई.

विषाणूचे काम कसे चालते

विषाणू शरीरात शिरून महिनोन्‌महिने गप्प कसा बसतो आणि आईबापांकडून पिलांत कसा उतरतो, याचा उलगडा १९७० साली झाला. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बॉल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे असे शोधून काढले की, या कुळातील विषाणूंजवळ एक खास विकर असते. विषाणूचा संदेश आरएनए या रसायनात लिहिलेला असतो. विकर त्याची डीएनए या भाषेत नक्कल करते. पेशीत नेहमी डीएनएवरून आरएनए तयार होतो. येथे ओघ उलटा वाहतो, म्हणून या कुळाचे नाव रेट्रोव्हायरस. तयार झालेला डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जाऊन असा बेमालूम बसतो की जणू तो तिचाच भाग आहे. मग पेशी दुभंगली की विषाणूचीही प्रत निघते. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत तो बसला तर तो अक्षरशः वंशात उतरतो. एके वाणाच्या उंदरांत नेमके हेच घडलेले होते. आनुवंशिक की सांसर्गिक, या जुन्या वादातील दोन्ही पक्ष अशा रीतीने आपापल्या परीने बरोबर ठरले.

कर्करोग कसा होतो तेही कळले. प्रत्येक पेशीत वाढीचे नियंत्रण करणारी जनुके असतात. विषाणूचा डीएनए अशा एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसला, तर त्या जनुकाचा दिवा विझतच नाही. पेशी दुभंगत राहते. छातीतील थायमस या ग्रंथीत पांढऱ्या पेशींची अशी बेसुमार वाढ सुरू झाली की उंदराला रक्ताचा कर्करोग होतो. विषाणूने नेमक्या अशा जागी बसणे हा योगायोग असतो आणि पुढचेही बिघाड एकामागून एक घडावे लागतात. म्हणूनच रोगास वेळ लागतो. कोंबडीतील राउस यांच्या विषाणूतले कर्करोगकारक जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतून उचललेले आहे, असे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांनी दाखविले. शत्रू बाहेरून आला, पण त्याने वापरलेले हत्यार घरातलेच होते.

लुळे पडणारे उंदीर

आता या कथेची दुसरी बाजू. १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मरे गार्डनर आणि त्यांचे सहकारी रानावनातील आणि शेतावरील साध्या उंदरांत हे विषाणू आढळतात काय, याचा शोध घेत होते. प्रयोगशाळेतील वाण माणसाने घडविलेले. निसर्गातील उंदरांचे काय, हा त्यांचा प्रश्न. कासिटास सरोवराजवळ कबुतरे पाळणाऱ्या एका फार्मवर त्यांनी उंदीर पकडले. ते पाळून म्हातारे होऊ दिल्यावर त्यांच्यापैकी काहींना लसीकापेशींचा कर्करोग झाला. आणि काहींचे मागचे पाय थरथरू लागले, बारीक झाले व शेवटी पूर्ण लुळे पडले. १९७३ साली त्यांनी जाहीर केले की या दोन्ही रोगांमागे एकच रेट्रोव्हायरस आहे. तो आईच्या दुधातून पिलांकडे जात होता.

मेलेल्या उंदरांचा मज्जारज्जू तपासला असता त्यात स्पंजासारखी बारीक छिद्रे पडलेली दिसली. हालचालीची आज्ञा पोहोचविणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या होत्या. नवल असे की विषाणू चेतापेशींत शिरलेलाच नव्हता. तो होता शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि मेंदूच्या राखणदार पेशींत. हे विषाणू दुभंगणाऱ्या पेशींतच बस्तान बसवू शकतात आणि चेतापेशी एकदा तयार झाल्या की दुभंगत नाहीत. शेजारी बिघडल्यामुळे चेतापेशींचा बळी जात होता. १९८० च्या दशकात माँट्रियल येथील संशोधकांनी निरनिराळ्या विषाणूंच्या तुकड्यांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा पाय लुळे करण्याचा गुण विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या जनुकात असल्याचे निष्पन्न झाले.

येथेही वयाचा नियम ग्रॉस यांच्या प्रयोगासारखाच निघाला. नवजात पिलांना विषाणू टोचला तर ती पुढे लुळी पडत. काही दिवसांची झाल्यावर टोचला तर सुखरूप राहत. त्या कोवळ्या दिवसांत मेंदूतील आधारपेशी अजून दुभंगत असतात आणि शरीराची राखण उभी राहिलेली नसते. दार थोडाच वेळ उघडे असते, आणि तेवढ्यात जे आत आले ते जन्मभर राहते.

त्याच फार्मवरील काही उंदीर मात्र विषाणूला दाद देत नव्हते. त्यांच्या वंशात फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा अर्धवट तुकडा येऊन बसला होता. तो तुकडा विषाणूच्या आवरणाचे प्रथिन बनवी, आणि ते प्रथिन पेशीची प्रवेशद्वारे आधीच अडवून ठेवी. पूर्वजांचा रोग वंशजांचे कवच झाला होता.

उंदरांपासून माणसापर्यंत

माणसात असे काही घडते काय? १९८० साली रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने माणसातील पहिला कर्करोगकारक रेट्रोव्हायरस जाहीर केला. त्याला एचटीएलव्ही-१ म्हणतात. नैर्ऋत्य जपान, कॅरिबियन बेटे अशा काही भागांत तो अधिक आढळतो. त्याने रक्ताचा एक कर्करोग होतो. आणि १९८५-८६ मध्ये असे दिसून आले की मज्जारज्जूचा एक रोग होऊन पाय अधू होतात, तोही यामुळेच. एकाच विषाणूने कर्करोग आणि पांगळेपण, हे कासिटासच्या उंदरांचे चित्र माणसातही उमटले. हाही मुख्यतः आईच्या दुधातून उतरतो. त्याचे बहुसंख्य वाहक आयुष्यभर धडधाकट राहतात. जपानमधील नागासाकी येथे १९८७ पासून बाधित मातांना बाळास अंगावर न पाजण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला आणि मुलांतील संसर्ग पुष्कळच घटला. पन्नास वर्षांपूर्वी बिटनर यांनी उंदरांची पिल्ले दुसऱ्या मादीला पाजावयास दिली होती, त्याचीच ही माणसातली आवृत्ती.

१९८३ साली एड्सचा विषाणू सापडला, तोही रेट्रोव्हायरस. आणि तो सापडला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, जेथे अर्धशतकापूर्वी ग्रॉस यांनी आपल्या कामास प्रारंभ केला होता. एड्सवरचे पहिले औषध एझेडटी. ते १९६४ साली कर्करोगासाठी तयार करण्यात आले होते आणि निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. शार्लट फ्रेंड यांच्या उंदरांतील विषाणूची वाढ ते रोखते, असे १९७४ साली दिसले होते. १९८७ साली ते एड्सच्या रुग्णांना मिळू लागले. १९९४ साली असे सिद्ध झाले की गरोदर मातेला आणि नवजात बाळाला ते दिल्यास बाळाला होणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने टळतो. जन्माच्या आसपासचे ते थोडे तास, ज्यांचे महत्त्व ग्रॉस यांनी उंदरांच्या पिलांत ओळखले होते, ते आता मानवी बालकांना वाचविण्याच्या कामी आले.

या वाटेवर महाराष्ट्राचीही पावले उमटलेली आहेत. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र डॉ. वसंत खानोलकर यांच्या पुढाकाराने उभे राहिले. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा, अंतःस्रावांचा आणि दुधातून येणाऱ्या विषाणूचा परस्परसंबंध अभ्यासिला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

अखेरची वर्षे

ग्रॉस यांचा ऑन्कोजेनिक व्हायरसेस हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगकारक विषाणूंवरील तो आधारग्रंथ मानला गेला आणि १९७० व १९८३ साली त्याच्या वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. आपल्याआधी या वाटेने गेलेल्या आणि उपेक्षित राहिलेल्या संशोधकांना त्यात त्यांनी आवर्जून जागा दिली आहे. १९७३ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि १९७४ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. नोबेल मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. ब्राँक्सच्या त्याच रुग्णालयातील रोझॅलिन यॅलो यांना ते १९७७ साली मिळाले.

त्यांची एक गोष्ट पूर्णपणे खरी ठरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. माणसाच्या बहुतेक कर्करोगांमागे विषाणू असावेत असा त्यांचा कल होता. १९६० च्या दशकात अमेरिकन सरकारने असे विषाणू शोधण्यासाठी मोठी मोहीम काढली. परंतु माणसाचे बहुतेक कर्करोग रेट्रोव्हायरसने होत नाहीत, असेच आढळले. काही कर्करोग अन्य विषाणूंमुळे होतात. यकृताच्या कर्करोगात हिपॅटायटिस बी आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणू कारणीभूत असतात, आणि या दोहोंवर आज लस आहे. पण लस देण्याजोगा विषाणू शोधावा, ही दृष्टी ज्या कामाने दिली त्यात ग्रॉस यांचा वाटा आहे.

१९ जुलै १९९९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षात, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्या रोगाचा त्यांनी आयुष्यभर पाठलाग केला त्या कर्करोगानेच त्यांचा अंत केला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कर्करोग लागतो काय? आजाऱ्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याचे डोके मांडीवर घेतल्याने तो लागत नाही. ज्या थोड्या कर्करोगांमागे विषाणू असतो, तेथेही विषाणू पसरण्याचे मार्ग ठरावीक असतात आणि शास्त्राने ते बव्हंशी शोधून काढले आहेत. म्हणून आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवण्याचे कारण नाही. मुलाबाळांना लस वेळेवर टोचून घेण्याचे मात्र कारण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ग्रॉस यांच्या चरित्रातून घेण्यासारखी गोष्ट चिकाटी तर आहेच. पण नुसत्या चिकाटीने ते आणखी दहा वर्षे मोठ्याच उंदरांना टोचीत राहिले असते. दुसऱ्याच विषयावरचे एक व्याख्यान त्यांनी कान देऊन ऐकले आणि आपली पद्धत बदलली. प्रश्न तोच ठेवावा आणि रीत बदलण्याची तयारी ठेवावी, एवढे जरी आपण त्यांच्यापासून शिकलो तरी पुष्कळ झाले.